डॉक्टर लोक सॉफ्टवेअरमधले अलर्ट न वाचताच का बंद करतात?

धागाकर्ता: अर्धविराम

इथे बरीच डॉक्टर मंडळी वावरतात हे बाकीच्या धाग्यांवरून माहितीये म्हणून विचारतोय, कुणाला टोमणा मारायचा हेतू नाही. मी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये आहे, याआधीची सगळी नोकरी बँकिंगमध्ये गेली त्यामुळे मेडिकलचं ज्ञान म्हणाल तर यथातथाच. आमच्या सिस्टिममध्ये डॉक्टरने औषधाची ऑर्डर टाकली की चालू असलेल्या औषधांशी ती ताडून बघितली जाते, काही गडबड वाटली तर पॉपअप येतो, आणि तरी पुढे जायचं असेल तर कारण लिहायचं. साधी गोष्ट आहे. पण लॉग काढून बघितले तर बहुतेक पॉपअप एक-दोन सेकंदात बंद झालेत आणि कारणाच्या रकान्यात काय, तर नुसतं टिंब. नाहीतर "ओके". एकाने तर "ककक" लिहिलंय.

आता वरून असं आलंय की पॉपअप सहजासहजी बंदच होऊ नये असं करा, किमान वीस अक्षरं टाईप केल्याशिवाय ऑर्डर पुढे जाणार नाही. मला हे काही पटत नाहीये पण नक्की का ते सांगता येत नाहीये, कारण दुसरी बाजूही खरी वाटते, दोन औषधं एकमेकांत बिघडून पेशंटला काही झालं तर? बँकेत मोठी रक्कम पाठवताना आम्ही दोनदा कन्फर्म करायला लावायचोच, कोणी कुरकुर करत नव्हतं.

तर मला विचारायचंय की डॉक्टर खरंच वाचत नाहीत का वाचून बंद करतात, आणि नेमकं काय दिलं तर तुम्ही ते मनापासून वापराल?

---

रात्रपाळी

बहुतेक वेळा वाचत नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही. का ते सांगतो.

मी मेडिसिनवाला. हार्ट अटॅकचा पेशंट आला की अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन दोन्ही सुरू करतात, मुद्दाम दोन्ही, गुठळी वाढू नये म्हणून. सॉफ्टवेअर म्हणतं, एकत्र दिल्यास रक्तस्रावाचा धोका. अरे बाबा, तो धोका तोलूनच तर ऑर्डर टाकलीय! आणि हे दर अटॅकच्या पेशंटला, दर वेळी, त्याच लाल रंगात. पॅरासिटामॉलची गोळी चालू आहे आणि रात्री ताप चढलाच आणि उलट्या होत असल्या तर शिरेतून द्या असं लिहून ठेवलं की "डुप्लिकेट औषध". मग अ‍ॅलर्जी. अमेरिकेत साधारण दहातल्या एका माणसाच्या रेकॉर्डवर पेनिसिलिन अ‍ॅलर्जी असा शिक्का असतो आणि नीट तपासलं तर त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना ती नसतेच, लहानपणी कधीतरी गोळी घेतली तेव्हा पोट बिघडलं, नाहीतर व्हायरल तापाचं पुरळ आलं ते औषधाच्या नावावर गेलं. पण एकदा त्या रकान्यात पडलं की जन्मभर पॉपअप.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. २००६ साली या विषयावरच्या सगळ्या अभ्यासांचा एक आढावा निघाला होता, त्यात औषधांच्या सुरक्षेचे ४९ ते ९६ टक्के अलर्ट डॉक्टर ओलांडून पुढे जातात असं आलं होतं. शंभरात ९६ वेळा जर हुशार, शिकलेली माणसं एखाद्या गोष्टीकडे बघत नसतील तर दोष माणसांत आहे का त्या गोष्टीत, तुम्हीच ठरवा.

बँकेचं म्हणाल तर तिथे माणूस मोठी रक्कम कधीतरी पाठवतो आणि तेव्हा तो तेवढं एकच काम करत असतो. मी राउंडवर असतो तेव्हा एका पेशंटच्या आठ-दहा औषधांत फेरफार, मधे फोन, नातेवाईक उभे, सिस्टर विचारतेय सलाईन बदलू का. यात पॉपअप नेमका माझ्या विचाराच्या मधोमध येतो. मी ज्या गोष्टीचा विचार करत होतो ती त्याच्यामुळे निसटते हे कुणाच्या लॉगमध्ये दिसत नाही.

काय दिलं तर वापरेन? पेशंटकडे बघून बोलणारा अलर्ट द्या. स्पायरोनोलॅक्टोन (याने रक्तातलं पोटॅशियम वाढतं) चालू आहे आणि मी पोटॅशियम लिहिलं की आत्ता सरसकट पॉपअप येतो. ज्याचं पोटॅशियम २.८, म्हणजे फारच कमी आहे त्याला मी ते देणारच. पण ज्याचं आज सकाळी ५.६, म्हणजे आधीच जास्त आलंय आणि तो रिपोर्ट मी अजून उघडलेला नाही, त्याच्या वेळी तुमचा पॉपअप माझ्या तोंडावर आदळू दे, मी आभार मानीन. लॅबचा आकडा तुमच्याच सिस्टिममध्ये बाजूच्या टॅबला पडलेला असतो, तो बघून बोलायला काय जातं?

---

स्पष्टवक्ता

मी डॉक्टर नाही, पेशंटच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून राग येईल असं लिहितोय. रात्रपाळी, तुम्ही म्हणता ९६ वेळा अलर्ट फालतू असतो, मान्य. उरलेल्या चार वेळांचं काय? तिथे आमच्या घरातलं कोणी असू शकतं. वीस अक्षरं टाईप करायला पंधरा सेकंद लागतात, तेवढा वेळ तुम्हाला नाही हे ऐकायला बरं वाटत नाही. मला तर वाटतं पूर्णच अडवा. दोन औषधं एकत्र देऊच नयेत असं असेल तर सॉफ्टवेअरने ऑर्डर घेऊच नये, फार्मसीला फोन करा, मग मिळेल. डॉक्टरच्या मर्जीवर सोडायचं असेल तर कॉम्प्युटर कशाला हवा.

---

रात्रपाळी

@स्पष्टवक्ता, राग वगैरे नाही हो, प्रश्न रास्त आहे. पण तुम्ही म्हणताय तो प्रयोग खरोखर करून झालाय. वॉर्फरिन हे रक्त पातळ करायचं औषध आणि को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक, दोन्ही एकत्र दिली की रक्त जास्तच पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो, ही जोडी खरोखरच वाईट, यात वाद नाही. अमेरिकेत दोन हॉस्पिटलांत निम्म्या लोकांना नेहमीची पद्धत ठेवली आणि निम्म्यांना ऑर्डर जवळपास अडवूनच टाकणारा अलर्ट दिला. अलर्टने काम चोख केलं, हवा तसा प्रतिसाद १३.५ टक्क्यांवरून ५७.२ टक्क्यांवर गेला. आणि तरी अभ्यास वेळेआधी थांबवायला लागला, कारण चार पेशंटांना जे औषध खरंच लागत होतं ते मिळायला उशीर झाला. २०१० साली हे छापून आलंय.

म्हणजे अडवणं हेही एक औषधच झालं, त्याचे साईड इफेक्ट असतात. काही ठिकाणी ते द्यायलाच हवं, मी विरोधात नाही. मेथोट्रेक्सेट आमवातासाठी आठवड्यातून एकदा देतात, चुकून "रोज" लिहिलं गेलं आणि माणसं दगावली असं जगभर झालंय. तिथे रोजचा डोस टाकला की सॉफ्टवेअरने थांबवून विचारावं, कॅन्सरसाठी देताय का, आणि मुळात रकान्यात आधीपासून "आठवड्यातून एकदा" भरलेलंच असावं. पण अशी औषधं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी असतात, हजारो जोड्या नसतात.

आणि वीस अक्षरांचं म्हणाल तर लोक "कककककककककककककककककक" लिहितील, अर्धविराम यांना लॉगमध्ये तेवढीच जास्त करमणूक.

---

सिस्टर_ऑन_ड्युटी

वरच्या चर्चेत नर्स कुठेच नाहीये म्हणून लिहिते. डॉक्टर पॉपअप बंद करून पुढच्या बेडवर जातात, त्यानंतर ते औषध हातात घेऊन पेशंटपाशी उभं राहणारी मी असते आणि माझ्या हातात वेगळंच मशीन असतं, बारकोड स्कॅनर.

स्कॅनर चांगली गोष्ट आहे हे आधीच सांगते, उगाच विरोधाला विरोध नाही. पेशंटच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन, औषधाचं पाकीट स्कॅन, जुळलं तरच द्यायचं. २०१० साली बोस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलमधला अभ्यास आला होता, औषध देतानाच्या चुका, वेळेच्या सोडून बाकीच्या, ४१ टक्क्यांनी कमी झाल्या. पण त्याआधी २००८ मध्ये काही संशोधक नर्सेसच्या मागे वॉर्डात फिरले आणि त्यांनी स्कॅनरला बगल द्यायचे १५ प्रकार लिहून काढले, त्यांच्यामागे ३१ कारणं सापडली. पेशंटचा बारकोड प्रिंट करून दुसरीकडेच चिकटवून ठेवायचा हा त्यातलाच एक. ऐकायला भयंकर वाटतं. पण कारणं वाचा की, पट्टा ओला होऊन फाटलेला, पाकिटावरचा बारकोड चुरगळलेला, बॅटरी उतरलेली, वायफाय नेमकं त्या कोपऱ्यात नाही, संसर्गाचा पेशंट म्हणून ट्रॉली आत नेता येत नाही, आणि झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाचा हात पांघरुणाखालून ओढून मध्यरात्री लाल लाईट मारायचा. यातली एकही गोष्ट नर्सच्या आळसाची नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने दिवसा, टेबलावर, नव्याकोऱ्या पाकिटाने टेस्ट केलेलं असतं.

आयसीयूमध्ये तर पॉपअपसोबत आवाजपण. मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, सगळे वेगवेगळ्या सुरात ओरडतात. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणारी जॉइंट कमिशन नावाची संस्था आहे, त्यांनी २०१३ ला खास इशारा काढला होता, त्यात म्हटलंय की ८५ ते ९९ टक्के अलार्मना काहीच करावं लागत नाही. पेशंट कुशीवर वळला, लीड सुटली, बोटाचा क्लिप निसटला. नवीन मुली पहिल्या आठवड्यात प्रत्येक आवाजाला धावतात. नंतर कान आपोआप गाळायला शिकतात आणि तोच धोका आहे, पण दुसरा इलाजही नाही, नाहीतर एका जागी उभं राहून एक इंजेक्शन धड भरता येणार नाही. काही युनिटांनी साधी गोष्ट केली, ईसीजीचे चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड रोज बदलायचे आणि अलार्मच्या मर्यादा प्रत्येक पेशंटप्रमाणे लावायच्या, त्याने खूप आवाज कमी झाला. त्याला नवीन सॉफ्टवेअर लागलं नाही.

अर्धविराम, तुम्हाला एकच विनंती, तुमचा तो अलर्ट डॉक्टरने बंद केला तर पुढे तो कुणालाच दिसत नाही असं करू नका. डॉक्टरने काय कारण देऊन पुढे नेलं ते मला औषध देताना एका ओळीत दिसू दे. टिंब दिसलं तरी चालेल, मी फोन करून विचारीन.

---

जुनाखिळा

सिस्टरांच्या प्रतिसादाला +१०० आणि त्याला जोडून एक प्रकरण सांगतो, हेल्थकेअर सॉफ्टवेअरवाल्या प्रत्येकाने हे पाठ करावं असं मला वाटतं. (मी या धंद्यात केस पांढरे केलेत, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.)

२०१३ साली अमेरिकेतल्या एका नामांकित मुलांच्या हॉस्पिटलात १६ वर्षांच्या मुलाला एका अँटिबायोटिकची एक गोळी द्यायची होती. दिल्या साडेअडतीस. हो, ३८.५. मुलाचं वजन ३८.६ किलो आणि चाळीस किलोच्या आत वजन असेल तर डोस दर किलोला किती मिलिग्रॅम असाच टाकायचा असा त्यांचा नियम होता. हिशोबाने आलेला डोस बाजारात मिळणाऱ्या गोळीत बसत नव्हता म्हणून फार्मासिस्टने डॉक्टरला मेसेज केला की सरळ १६० मिलिग्रॅमची गोळी लिहा. डॉक्टरने १६० टाकलं. रकान्याचं एकक मात्र "मिलिग्रॅम दर किलो" असंच राहिलं. सॉफ्टवेअरने गुणाकार केला, सहा हजारांच्या वर मिलिग्रॅम. डॉक्टरला अलर्ट आला, रोज येणाऱ्या ढिगातला एक म्हणून बंद झाला. फार्मसीत अलर्ट आला, बंद झाला. गोळ्या भरणाऱ्या रोबोने बिनचूक साडेअडतीस गोळ्या भरल्या. नर्सला शंका आली, पण स्कॅनरने सांगितलं की ऑर्डर हीच आहे, बरोबर आहे. मुलाला झटके आले, नशिबाने वाचला.

आता यात कोण आळशी होतं सांगा. प्रत्येक मशीनने आपापलं काम चोख केलं. आणि तो अलर्ट एक गोळी जास्त झाली असती तरी जसा दिसला असता तसाच साडेअडतीसला दिसला, हे मला सगळ्यात जास्त झोंबतं. ३९ पट डोस असेल तर पडद्याचा रंगरूपच बदलायला नको?

याहून जुनं थेरॅक-२५. रेडिएशनचं मशीन, १९८५ ते ८७ मध्ये अमेरिका-कॅनडात सहा पेशंटांना प्रचंड ओव्हरडोस गेला, काही दगावले. सॉफ्टवेअरमध्ये बग होता हे सगळे सांगतात, आधीच्या मॉडेलमध्ये जे यांत्रिक अडसर होते ते काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली हेही सांगतात. पण ते मशीन उठसूट थांबून "मालफंक्शन ५४" असले अगम्य मेसेज द्यायचं, आणि ऑपरेटरला पी बटण दाबून पुढे जायची सवय लागली होती, हा भाग लोक विसरतात. सवय मशीनने लावली होती!

आता कामाचं. अर्धविराम, तुमच्या बॉसला जे पाहिजे ते करायच्या आधी लॉगचं एक काम करा. सगळ्या अलर्टचा मिळून एकच टक्का काढू नका, प्रत्येक अलर्टचा वेगळा काढा. किती वेळा वाजला, किती वेळा त्यामुळे ऑर्डर खरोखर बदलली. तुम्हाला दिसेल की मूठभर अलर्टच बहुतांश गोंगाट करतायत. जो अलर्ट शेकडो वेळा वाजून एकदाही ऑर्डर बदलवत नाही तो काढा किंवा पॉपअपऐवजी बाजूला बारीक अक्षरात दाखवा. ऑर्डर बदलवणारे अलर्ट वरच्या पातळीला ठेवा. अडवणारे म्हणजे मेथोट्रेक्सेटसारखे, ते दोन-चारच.

आणि जिथे अलर्टशिवाय भागतं तिथे अलर्ट नकोच. व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध शिरेतून द्यायचं असतं, चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर माणूस बहुधा वाचत नाही. त्यावर लेबलं लावली, सूचना काढल्या, तरी होतच राहिलं. मग २००७ साली डब्ल्यूएचओने सांगितलं की ते सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीत भरा. पिशवी मणक्यातल्या सुईला कोण लावणार? चूक करायची सोयच काढून घेतली. सॉफ्टवेअरमध्ये याला समांतर म्हणजे आधीच बरोबर भरलेले रकाने, तयार ऑर्डर सेट (एका आजाराला लागणाऱ्या ऑर्डरींचा आधीच बांधून ठेवलेला संच), आणि एकक बदललं तर पूर्ण डोस गोळ्यांच्या संख्येत मोठ्या अक्षरात.

---

फिल्मवाचक

रेडिओलॉजीवाला आहे. इथे वाचून असं वाटेल की डॉक्टरांना टेक्नॉलॉजीचा तिटकारा आहे, तर आमच्याकडे बरोबर उलटं झालं. कॉम्प्युटरवर इमेज बघायची सोय आली तेव्हा आम्ही फिल्मला टाटा करायला फार वेळ घेतला नाही. कारण सरळ आहे, आमचं काम सोपं झालं. फिल्म हरवायची, ऑपरेशन थिएटरमध्ये अडकायची, जुन्या एक्सरेशी तुलना करायची तर रेकॉर्ड रूममध्ये माणूस पाठवायचा. १९९३ ला डायकॉम नावाचं स्टँडर्ड आलं आणि कुठल्याही कंपनीच्या मशीनवरची इमेज कुठल्याही स्क्रीनवर उघडायला लागली. कुणी आम्हाला ट्रेनिंग घ्या म्हणून मागे लागलं नाही.

उलट ईएचआर, म्हणजे पेशंटचं कॉम्प्युटरवरचं रेकॉर्ड, बघा. ते आलं ते मुख्यतः बिल, हिशोब आणि कायदेशीर नोंद यासाठी, डॉक्टरच्या डोक्यातलं काम हलकं करायला नाही. २०१६ चा एक वेळेचा अभ्यास आहे, ५७ डॉक्टरांच्या शेजारी माणूस बसवून मोजलं होतं, पेशंटसमोरच्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास रेकॉर्ड आणि टेबलावरच्या कामात जातात, शिवाय घरी जाऊन रात्री तास-दोन तास. मग लोक कालची नोट उचलून आज चिकटवतात. २०१७ मध्ये एका हॉस्पिटलच्या तेवीस हजारांवर नोट तपासल्या तर हाताने टाईप केलेला मजकूर निघाला १८ टक्के, ४६ टक्के कॉपी, बाकी इकडून तिकडून आपोआप आलेला. तीन पानी नोटमध्ये आजची एक ओळ शोधायची म्हणजे डोळ्यांची परीक्षा.

एआयचं कोणी काढलं नाही अजून, आश्चर्य आहे, म्हणून मीच काढतो. मॅमोग्राफीत (स्तनांच्या एक्सरेत) संशयास्पद जागेवर खूण करणारा कॉम्प्युटर नवीन नाही, अमेरिकेत १९९८ ला परवानगी मिळाली होती. ते इतक्या ठिकाणी खुणा करायचं की आम्ही खुणांकडे बघणंच सोडलं, आणि नंतर २००७ आणि २०१५ च्या मोठ्या अभ्यासांत त्याने निदान सुधारत नाही असंच निघालं. म्हणजे परत तीच अलर्टची कथा. पण स्वीडनमध्ये परवा-परवा जे केलं ते वेगळं होतं. ऐंशी हजार बायकांची चाचणी, २०२३ ला पहिले निकाल आले. तिथे एआय आधी ठरवतो की ही फिल्म एका डॉक्टरने बघितली तरी पुरे का दोघांनी बघायला हवी. कॅन्सर सापडण्याचं प्रमाण कमी झालं नाही, उलट थोडं जास्तच, हजारी ५ च्या जागी ६, आणि फिल्म वाचायचं काम ४४ टक्क्यांनी घटलं. फरक बघा, जुन्या मशीनने आमच्या कामात भर टाकली, नव्याने काम काढून घेतलं. म्हणून एक नकोसं झालं आणि दुसरं हवंय.

अर्थात हवंहवंसं असण्याचेही धोके आहेत. पोलंडमध्ये कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना एआयची सवय लागल्यावर एआय बंद ठेवून केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलेलं दिसलं, २०२५ चा अभ्यास. यावर अजून वाद चालू आहेत, केसेसची संख्या वाढली म्हणूनही झालं असेल, पण मी तरी एआयचं उत्तर बघायच्या आधी स्वतःचं मत टाईप करून ठेवतो.

---

स्पष्टवक्ता

बरंच वाचलं, थोडं पटलं. साडेअडतीस गोळ्यांचं वाचून झोप उडाली. तरी एक शंका, ही सगळी सॉफ्टवेअरं लावल्यावर माणसं वाचली का मेली, याचं कोणी मोजलंय का?

---

जुनाखिळा

@स्पष्टवक्ता, मोजलंय, आणि उत्तर विचित्र आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये कॉम्प्युटरवर ऑर्डर टाकायची पद्धत आली, तेव्हा बाहेरून हलवून आणलेल्या मुलांचा मृत्यूदर आधीच्या २.८ टक्क्यांवरून ६.५७ वर गेला. २००५ चा पेपर, तेव्हा खळबळ उडाली होती. का झालं ते वाचण्यासारखं आहे. आधी मूल अजून अँब्युलन्समध्ये असतानाच डॉक्टर औषधांच्या ऑर्डरी लिहून ठेवायचे, मूल दारात आलं की औषध तयार. नव्या सिस्टिममध्ये मुलाची नोंदणी झाल्याशिवाय ऑर्डर टाकताच येत नव्हती. शिवाय वॉर्डातली औषधं हलवून मध्यवर्ती फार्मसीत नेली. डॉक्टर, नर्स स्क्रीनपाशी. त्या पहिल्या मिनिटांत जो वेळ गेला तो गेला. त्याच प्रकारची सिस्टिम सिअ‍ॅटलमध्ये लावली तिथे मृत्यू वाढले नाहीत. स्टॅनफर्डच्या मुलांच्या हॉस्पिटलात लावली तिथे २० टक्क्यांनी कमी झाले, २०१० चा पेपर. त्यांनी पिट्सबर्गवरून धडा घेऊन आधी वॉर्डात काम कसं चालतं ते बघून मग स्क्रीन बनवले, ऑर्डर सेट तयार ठेवले. तेव्हा सॉफ्टवेअर चांगलं का वाईट असं विचारून उपयोग नाही, कुठे कसं बसवलं ते विचारा.

---

अर्धविराम

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. जुनाखिळा म्हणतात तसा प्रत्येक अलर्टचा वेगळा रिपोर्ट काढायला घेतलाय. सिस्टरांची सूचना पण टाकतोय, ती खरं तर अवघड नाही, डेटा आहेच, फक्त त्यांच्या स्क्रीनवर कोणी दाखवला नव्हता.

अडचण एक आहे. लीगलवाले म्हणतात अलर्ट काढला आणि उद्या नेमकं त्याच जोडीमुळे काही झालं तर कंपनी अडकेल, ठेवलेला बरा, डॉक्टरने बंद केला तर जबाबदारी त्याची. यावर काय बोलू?

आणि अवांतर, आमच्याकडे आता डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकून आपोआप नोट लिहिणारा एआय जोडायचं चाललंय. ते तरी डॉक्टरांना आवडेल ना?

---

जुनाखिळा

लीगलसाठी एकट्या इंजिनीअरने अलर्ट काढायचाच नाही. डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स अशी चार-पाच जणांची कमिटी, प्रत्येक बदलावर त्यांची सही आणि कारण. हवेत बोलू नका, त्यांच्यासमोर आधार ठेवा. अमेरिकेत तज्ज्ञ बसवून २०१२ मध्ये अशा १५ प्रकारच्या औषध-जोड्या ठरवल्या ज्यांच्यासाठी जोरात अलर्ट हवाच, आणि पुढच्या वर्षी ३३ जोड्या अशा की ज्यांच्यासाठी काम थांबवणारा पॉपअप नको. म्हणजे "पॉपअप नको" हेही कोणीतरी जबाबदारीने लिहून ठेवलंय. तुमच्याकडचे औषधांचे डेटाबेस मात्र सगळंच दाखवतात, कारण न दाखवल्याबद्दल त्यांच्यावर ठपका येतो, जास्त दाखवल्याबद्दल येत नाही. आणि लीगलला हेही विचारा, उद्या कोर्टात वकिलाने तुमचाच लॉग पुढे केला की या अलर्टकडे नव्वद टक्के डॉक्टर बघत नाहीत हे कंपनीला माहीत होतं, तर?

---

रात्रपाळी

बोलणं ऐकून नोट लिहिणाऱ्याबद्दल सांगतो, कारण मी वापरतोय. आवडेल, हो. कीबोर्डवरून मान वर उचलून पेशंटकडे बघता येतं ही मोठी गोष्ट आहे, आणि संध्याकाळचं टायपिंग बरंच वाचतं. पण तो नोट फार सफाईदार लिहितो आणि तिथेच गोची आहे. मी छाती तपासली पण मोठ्याने बोललो नाही तर ते नोटमध्ये येत नाही, आणि कधी जे तपासलंच नाही ते "नॉर्मल" म्हणून येऊन बसतं, कारण अशा नोटमध्ये ते असतंच असं त्याला वाटतं. पेशंट म्हणाला "भावाला शुगर आहे", नोटमध्ये पेशंटलाच शुगर. चुकीची वाक्यरचना असती तर डोळ्याला खटकली असती, सुबक लिहिलेली चूक खटकत नाही.

त्यामुळे जोडणार असाल तर दोन गोष्टी बघा. नोटमधल्या कुठल्याही वाक्यावर बोट ठेवलं की त्या वेळचं बोलणं ऐकू आलं पाहिजे, नाहीतर तपासायचं कशावरून? आणि औषध, डोस, अ‍ॅलर्जी, डावं-उजवं एवढं वेगळ्या रंगात दाखवा, तेवढं आम्ही नक्की वाचू. सही करायच्या आधी "मी ही नोट पूर्ण वाचली आहे" असा चौकोन टाकायची आयडिया कोणीतरी मीटिंगमध्ये काढेलच, ती तेवढी हाणून पाडा. पेशंटला रेकॉर्डिंग चालू आहे हे आधी सांगायचं आणि तो नको म्हणाला तर एका बटणात बंद व्हायला हवं, मेनूत शोधायला लावू नका.

---

सिस्टर_ऑन_ड्युटी

आणि नेट गेलं तर काय ते पण ठरवून ठेवा. २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या कॉम्प्युटर व्हायरसने इंग्लंडमधली हॉस्पिटलं बसली तेव्हा कागद-पेनावर आले होते सगळे. आमच्या वॉर्डात कोऱ्या औषध-चार्टचा गठ्ठा कपाटात असतो, पण नव्या मुलींना तो भरायचा कसा हे कोणी शिकवलेलं नसतं.